सकाळच्या शिंका आणि आपलं अंथरूण: खान्देशातल्या घरांसाठी

माझा मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. रोज सकाळी डोळे धड उघडायच्या आत त्याला दहा-बारा शिंका यायच्या. नाक चोंदलेलं, डोळे चोळून चोळून लाल. शाळेत गेला की तासाभरात सगळं थांबायचं. दोन वर्षं आम्ही याला सर्दीच समजत राहिलो. हळदीचं दूध झालं, वाफ झाली, ओव्याची पुरचुंडी झाली. शेवटी धुळ्यातल्या एका डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "ताई, हा शिंकतो कुठे? शाळेत, की अंथरुणात?" त्या दिवशी घरी आल्यावर मी पहिल्यांदा त्याची उशी खिडकीतल्या कवडशात धरून एक थाप मारली. त्या उजेडात जे उडालं ते बघून मला फार वाईट वाटलं. रोज रात्री माझं लेकरू त्याच्यावर नाक टेकवून झोपत होतं.

तुमच्या घरात कुणाला नुकतीच डस्ट माइटची अ‍ॅलर्जी निघाली असेल, किंवा तसा संशय असेल, तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं ते इथे सांगते. पुस्तकी सल्ले बहुतेक थंड देशांतल्या घरांना धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे कापसाच्या गाद्या आहेत, गोधड्या आहेत, कूलर आहे, आणि वैशाखातलं ऊन आहे. त्या हिशेबाने वागावं लागतं.

हा कोण, आणि त्रास कशाचा?

कापूस किंवा वांगी लावणाऱ्याला लाल कोळी माहीत असतो. डस्ट माइट त्याच्याच गोतावळ्यातला, आठ पायांचा, साधारण पाव मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जीव. फरक एवढाच की लाल कोळी कोरड्या, तापलेल्या हवेत फोफावतो, तर याला दमट हवा लागते. तो पाणी पीत नाही, हवेतली ओल अंगात शोषून घेतो. आपल्या अंगावरून रोज झडणारा त्वचेचा कोंडा हे त्याचं खाणं. म्हणजे खाणं, ऊब आणि घामाची ओल, तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची घरातली जागा एकच, आपलं अंथरूण.

तो चावत नाही. अंगावर चावल्याचे लाल फोड असतील तर ढेकूण शोधा, हा विषय वेगळा. माइटचा त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. ते बारीक कण अंथरूण हलवलं की उडतात आणि श्वासात जातात. घरातल्या धुळीची अ‍ॅलर्जी म्हणून जी ओळखली जायची तिच्या मुळाशी हा जीव आहे, हे 1964 साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे फोरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. घर कितीही चकचकीत असलं तरी तो असतो. सुनेच्या स्वच्छतेवर बोट ठेवण्याचं हे कारण नव्हे, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगून टाका.

यातून एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी कामं तिच्यावर उभी आहेत. माइट मेला तरी त्याची विष्ठा आणि वाळलेलं अंग गादीत तसंच राहतं आणि तेही तेवढंच शिंकायला लावतं. मारणं हे एक काम आणि काढून टाकणं हे दुसरं. ऊन मारतं. काढायला पाणीच लागतं. आणि जे धुता येत नाही ते खोळीत बंद करावं लागतं.

खर्च करण्याआधी खात्री करा

खान्देशात शिंकायला कारणं कमी नाहीत. जिनिंगच्या भागातली कापसाची धूळ, पावसाळ्यानंतर माजलेलं गाजर गवत, ओलीने भिंतीवर आलेली बुरशी, झुरळं. अंथरुणात शिरल्यावर किंवा पहाटे त्रास वाढतो, वर्षभर कमी-जास्त राहतो, ताप नसतो आणि नाकातून पाण्यासारखं वाहतं, असं असेल तर संशय माइटवर घ्यायला हरकत नाही. पण खात्री डॉक्टरच करतील, त्वचेवर थेंब टाकून टोचण्याची चाचणी करून किंवा रक्तातलं आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रथिन, तपासून. त्वचेच्या चाचणीआधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. दम्याचा पंप मात्र स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका. "पंपाची सवय लागते" या बोलण्यापायी आपल्याकडे मुलांचे फार हाल होतात. अंथरुणाची काळजी ही औषधाच्या जोडीला असते, औषधाच्या जागी नाही. आणि धाप लागून एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर गादीचा विचार सोडा आणि 108 ला फोन करा.

सुरुवात उशीपासून

आम्ही सुरुवात चुकीच्या टोकाने केली. एका दुकानातून "अ‍ॅलर्जीविरोधी" म्हणून महागडी फोमची गादी आणली आणि उशी जुनीच ठेवली. महिनाभर काही फरक नाही. मग डोक्यात प्रकाश पडला की नाक गादीवर नसतं, उशीवर असतं.

म्हणून पहिल्या दिवशी उशी. जुनी सावरीच्या कापसाची किंवा गाठी झालेली कापसाची उशी असेल तर मोह धरू नका, काढून टाका. सावर मऊ असते, पण धुता येत नाही, आणि जुनी झाली की तिचा भुगा होऊन शिवणीतून बाहेर येत राहतो. त्याऐवजी धुता येणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या भरणाची उशी घ्या आणि पहिल्याच दिवशी तिच्यावर चेन असलेली दाट विणीची खोळ चढवा, तिच्यावर नेहमीचा अभ्रा. अभ्रा आठवड्याला, खोळ दोन-तीन महिन्यांनी आणि उशीही तेव्हाच धुवायची. उशी आतपर्यंत खडखडीत वाळली पाहिजे. आत ओल राहिली तर बुरशी धरते आणि एक दुखणं जाऊन दुसरं येतं.

गादी: ठेवायची, पिंजायची की बदलायची?

कोणत्याही गादीत माइट होतात. कापूस, काथ्या, फोम, स्प्रिंग, सगळ्यांत. नव्या फोममध्ये सुरुवातीला कमी असतात इतकंच. त्यामुळे "माइट होतच नाहीत" असं सांगून कुणी गादी विकत असेल तर पुढे चला.

कापसाच्या गादीचं आपल्याकडे एक मोठं सुख आहे, ती पिंजून घेता येते. पण अ‍ॅलर्जीच्या माणसाच्या घरी हे काम जपून करावं लागतं. पूर्वी पिंजारी दारात बसून तारेच्या टणत्कारात कापूस उडवायचा आणि आम्ही पोरं भोवती उभी राहायचो. आता मशीन असतं, पण उडणारी धूळ तीच, वर्षानुवर्षांची. म्हणून गादी दुकानावर पाठवा, ज्याला त्रास आहे त्याला तिकडे नेऊ नका, आणि तीन गोष्टी बजावून सांगा. पिंजलेला कापूस भरण्याआधी उन्हात पसरायचा. काळा पडलेला, ढेकळं झालेला कापूस फेकायचा, त्याच्या जागी नवा घालायचा. जुनी खोळ परत वापरायची नाही. खोळीचं कापड दिव्यासमोर धरून बघा. उजेडाचे टिपके मोकळे दिसत असतील तर ते विरळ आहे. हात फिरवला की सुळसुळीत आणि घट्ट लागणारं कापड घ्या. पिंजाऱ्याने टाके मारले की कापडाला भोकं पडतातच, त्यामुळे अशा गादीवर वरून आणखी एक पूर्ण बंद खोळ लागते.

त्या बंद खोळीबद्दल थोडं सविस्तर. चारी बाजूंनी, खालूनसुद्धा, गादी आत जाईल अशी आणि चेन लागणारी हवी. चार कोपऱ्यांना रबर असलेलं आच्छादन हे खोळीचं काम करत नाही. घेताना कापडाच्या विणीतलं छिद्र 10 मायक्रॉनपेक्षा कमी आहे का ते विचारा. विष्ठेचे कण त्यातून सहसा बाहेर पडत नाहीत. चेनच्या टोकाला फट राहते, तिथे रुंद चिकटपट्टी लावून टाका. स्वस्तातला उपाय म्हणजे प्लास्टिक किंवा रेक्झिनची खोळ. अडवण्याचं काम ती चोख करते, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उकाड्यात त्यावर झोपणं म्हणजे घामाने निथळणं. पैसे नसतील तर तीही चालेल, वर जाडसर सुती चादर घाला. आमच्याकडे पहिलं वर्ष तीच होती.

आणि नुसती खोळ घालून थांबू नका. ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त प्रौढ दमेकऱ्यांवर केलेली एक चाचणी 2003 साली प्रसिद्ध झाली. बाकी काही न बदलता फक्त खोळी घातल्या तर दम्यात फरक पडला नाही, असं तिच्यात दिसलं. पुढे सांगितलेलं धुणं आणि हवेची कोरड याला जोडावं लागतं.

धुणं

थंड पाण्यानेही विष्ठेतली प्रथिनं बरीचशी विरघळून जातात, पण जिवंत माइट चिवट असतात, कापडाला धरून राहतात. त्यांना मारायला 55 ते 60 अंशांचं पाणी लागतं. मशीनला गरम पाण्याची सोय असेल तर 60 वर लावा. नसेल तर बंब किंवा गॅस आहेच. मी असं करते: मोठ्या टोपात तीन तांबे खळखळ उकळलेलं पाणी आणि दोन तांबे नळाचं, या मापाने पाणी मिसळते. ते साधारण 70 अंशांवर येतं. कोरडी चादर आणि अभ्रे त्यात बुडवले की उतरून 60 च्या आसपास स्थिरावतं. वर झाकण, अर्धा तास तसंच. मग साबण लावून नेहमीसारखं धुणं. लेकरं त्या वेळी मोरीत नकोत, उकळत्या पाण्याने भाजल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. काठीने ढवळा, हात घालू नका. गडद रंगाची चादर एकदा वेगळी भिजवून बघा, रंग सुटतो.

चादर आणि अभ्रे आठवड्याला एकदा. त्यासाठी तीन जोड लागतात, एक अंथरलेला, एक धुण्यात, एक वाळलेला. पांघरूण पंधरा दिवसांनी, म्हणून ते धुता येईल असंच घ्या. जाड रजई आणि केसाळ ब्लँकेट मुलाच्या खोलीतून मी काढूनच टाकलं.

आता गोधडी. आमच्या सासूबाई अमळनेरकडच्या. त्यांच्या हातची, सहा लुगड्यांची, बारीक धावदोऱ्याची गोधडी आहे, आणि ती टाकून द्या असं मी कुणाला सांगणार नाही. मऊ, सुती आणि धुता येणारी असल्यामुळे रजईपेक्षा ती कधीही बरी. पण ती धुतली पाहिजे. पहिल्यांदा मी ती कोमट पाण्याच्या टबात भिजवली तेव्हा दहा मिनिटांत पाणी कोऱ्या चहासारखं झालं, आणि तिसऱ्या पाण्यालाही गढूळपणा गेला नव्हता. जुनं लुगडं उकळत्या पाण्यात टिकत नाही, रंगही एकमेकांत उतरतात. म्हणून गोधडीला आधी दोन दिवस कडक ऊन द्यायचं, माइट तिथेच मरतात, आणि मग साध्या पाण्यात दोन-तीन वेळा खळबळून काढायची. हा क्रम उलटा करू नका.

नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याची आपली रीत आहे ना, पांझरेच्या, बोरीच्या काठाने गोधड्या वाळत पडलेल्या असायच्या, ती या आजारासाठी अगदी योग्य वेळेला येते. पावसाळाभर दमट हवेत माइट वाढलेले असतात आणि विष्ठा सगळ्यात जास्त साचलेली असते. त्याच सुमाराला ऑक्टोबरचं ऊन मिळतं. ज्याच्या घरी अ‍ॅलर्जी आहे त्याने ही रीत सोडू नये.

ऊन

चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालतो, तेव्हाच गाद्याही वर न्या. "वं माय, गोधड्यासले ऊन दखाड," असं सासूबाई सकाळीच सांगतात. अनवाणी पाय टेकवत नाही अशा फरशीवर कापसाची गादी सकाळी दहा ते चार ठेवली, मध्ये एकदा उलटली, असं सलग तीन दिवस केलं तर आतपर्यंत कोरडी होते. एक दिवस पुरत नाही. वरचा थर तापला की माइट आत सरकतात, आणि जाड गादीच्या पोटात उष्णता हळू जाते. वर काळं कापड टाकलं तर आणखी तापते. फोमची गादी मात्र कडक उन्हात ठेवू नका, फोम पिवळा पडून भुगा होतो. तिला वारा लागेल अशा सावलीत उभी करा.

खाली आणण्याआधी गादी वाऱ्याच्या दिशेने उभी करून काठीने चांगली झोडपा. हे काम ज्याला त्रास आहे त्याने करायचं नाही, आणि जो करेल त्याने तोंडाला रुमाल बांधायचा. हे झोडपणं खोलीत करू नका, उडालेलं सगळं परत चादरीवरच बसतं.

हिवाळ्यात चार वाजताच गादी आत घ्या, दवाने ती पुन्हा ओल धरते. पावसाळ्यात ऊन मिळत नाही तेव्हा इस्त्री वापरा. धुतलेल्या चादरी आणि अभ्रे दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करून घालणं हे जुलै-ऑगस्टमधलं ऊनच समजा.

कूलर, ओल आणि खोली

हवेतली आर्द्रता सलग काही आठवडे 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर माइट सुकून मरू लागतात. आपला उन्हाळा तसा आपोआप कोरडा. मे महिन्यात दुपारी ओली चादर अर्ध्या तासात कडकडीत होते. पण त्याच महिन्यात आपण खोली बंद करून कूलर लावतो आणि अंथरुणावर सकाळी हात फिरवला की ते ओलसर लागतं. कूलर सोडा असं मी म्हणत नाही, चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत ते शक्य नाही. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा बाहेर जाते आणि थंडावाही नीट येतो. झोत गादीवर नको. पहाटे पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. मोसमाच्या सुरुवातीला जुनी गवताची जाळी बदला, तिच्यात बुरशी असते. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते पलंगाशेजारी ठेवलं की अंदाज करावा लागत नाही.

बाकी खोलीचं थोडक्यात. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. उठल्या उठल्या अंथरुणाची घडी घालू नका, तासभर पांघरूण उलटून ठेवा, रात्रीचा घाम उडू द्या. पावसाळ्यात जमिनीवर गादी टाकली की फरशीची ओल खालून चढते, म्हणून बाज किंवा नवारीची खाट उत्तम, खालून वारा लागतो. दिवाणाच्या पोटात वर्षभर कोंबलेल्या पाहुण्यांच्या गाद्या त्याच खोलीत नकोत. गालिचा काढा, त्याऐवजी धुता येणारी सतरंजी चालेल. लेकरू ज्या कापडी अस्वलाशिवाय झोपत नाही ते पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग धुवा.

केर काढण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, कोरडा झाडू कण उडवतो. उडालेले कण खाली बसायला वीस-तीस मिनिटं लागतात. यावरून झोपण्याआधीच्या एका सवयीचं सांगते. गावाकडे विंचू-काट्याच्या भीतीने झोपताना अंथरूण झटकतो, ते सोडू नका. पण ते जेवणाआधी करा आणि खिडकी उघडी ठेवा. झटकून लगेच त्यात शिरणं म्हणजे उडालेली सगळी धूळ नाकात घेणं.

डांबराच्या गोळ्या गाद्यांत घालू नका. माइटवर त्यांचा भरवसा नाही, वासाने दमा चाळवतो, आणि तान्ह्या बाळाच्या अंथरुणात तर त्या घातक ठरू शकतात. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पी-डी नावाचं द्रव्य कमी असतं, त्यांना या गोळ्यांनी जोराची कावीळ होते. धुपाची, शेणीची धुरी दम्याच्या माणसाजवळ नकोच.

फरक कधी दिसतो?

एका रात्रीत दिसत नाही. आमच्याकडे उशी आणि खोळ झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात शिंका कमी झाल्या, रात्रीचा खोकला जायला अडीच महिने लागले. कॅलेंडरवर रोज सकाळच्या शिंकांचा आकडा लिहून ठेवा. डॉक्टरांनाही तो कागद उपयोगी पडतो. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर चाचणीचा कागद घेऊन पुन्हा जा, कारण दुसरंच असेल, किंवा अ‍ॅलर्जीच्या लसीचा विचार करता येईल.

आणि लग्नसराई. घर सांभाळून सांभाळून मुलगा बरा राहायचा, आणि अखाजीच्या आसपास एका लग्नघरी मांडववाल्याच्या भाड्याच्या गादीवर एक रात्र झोपला की पहाटे छाती वाजायची. त्या गाद्या गोदामात पडून असतात, कधी धुतल्या ते कुणाला माहीत नसतं. आता बाहेरगावी निघताना एका पिशवीत त्याची खोळ घातलेली उशी, दोन चादरी, एक गोधडी आणि पंप असतो. भाड्याची गादी बाजूला सारून धुतलेल्या चटईवर गोधडी घालते. नातेवाईक पहिल्या वेळी विचारतात, सांगितलं की समजून घेतात. गेल्या खेपेला तर यजमानीणबाईंनीच आधी फोन करून विचारलं, "त्याच्यासाठी गच्चीवर बाज टाकून ठेवू का?"